घोड्यांच्या मागे ओस्टबी

माझे वडील एकतीस उन्हाळे मिनेसोटाभर हिंडले. दर वर्षी चौदा गावं. पण त्या गावांबद्दल त्यांना काही विचाराल तर ते फक्त रस्त्याबद्दल सांगतात. अमक्या गावात शाळेच्या वळणावर डांबर उन्हात मऊ होतं. तमक्या गावात गटाराचं झाकण वर आलंय, चाक जरा बाजूनं काढावं लागतं. एका गावातली पोरं अनवाणीच येतात, त्यांची काळजी घ्यावी लागते. त्या गावांत तळं कुठल्या अंगाला आहे, चर्चचा मनोरा केवढा आहे, लोक दिसायला कसे आहेत, यातलं त्यांना काही म्हणजे काही माहीत नाही. सगळा मुलूख त्यांनी नवलकोलाच्या पोटात बसून, हातभर रुंद आणि वीतभर उंच जाळीतून पाहिला.

आमचं गाव ओस्टबी, म्हणजे नवलकोलाची जागतिक राजधानी. हसू नका. वेशीवर सरकारी हिरवी पाटी आहे, तिच्यावर लोकसंख्या तीनशे शहाऐंशी, आणि तिच्याखाली आमची स्वतःची पाटी आहे, तिच्यावर हे स्वच्छ लिहिलंय. कोणी ठरवलं म्हणाल तर आम्हीच ठरवलं, १९५८ साली, चर्चच्या तळघरात कॉफी पिता पिता. शेजारच्या गावानं बटाटा घेतला होता, पलीकडच्यानं मका, एकानं तर चक्क बदक. नवलकोल शिल्लक होता आणि आमच्याकडे तो उत्तम येतो. गेल्या साठ-पासष्ट वर्षांत त्यावर दुसऱ्या कुणी हक्क सांगितलेला नाही.

मी कॉलेजला मिनियापोलिसला होते तेव्हा खोलीतल्या मुलीनं विचारलं, "तू कुठली?" मी सांगितलं, "एल्डरटनजवळची." एल्डरटन म्हणजे आमच्या तालुक्याचं मोठं गाव, सिग्नल वगैरे असलेलं. चार वर्षं मी एल्डरटनजवळची होते. ती चार वर्षं मला अजून टोचतात. कुणी मुद्दाम विचारत नाही, तरी टोचतात.

आमच्याकडे उन्हाळ्यात प्रत्येक गावाचा एक दिवस असतो. त्या दिवशी मिरवणूक निघते आणि आजूबाजूची गावं आपापला चित्ररथ घेऊन येतात. तुम्ही आमच्याकडे आलात तर आम्ही तुमच्याकडे, असा सरळ व्यवहार. त्यासाठी गावांचं एक मंडळ आहे, मंडळाची यादी आहे. मुख्य रस्त्यावरच्या मंचासमोरून तुमचा रथ गेला, मंचावरून तुमच्या गावाचं नाव पुकारलं गेलं, की मंडळाच्या चिटणीस बाई यादीत खूण करतात. लागोपाठ तीन खुणा चुकल्या की नाव यादीतून जातं. मग तुमच्या गावाच्या दिवशी कुणी येत नाही. आमच्या दिवशी कुणी आलं नाही तर आमची मिरवणूक म्हणजे अग्निशमनाची एक गाडी आणि पाद्रीसाहेबांची सायकल. ती चार मिनिटांत संपेल, आणि पुढच्या वर्षी निघणार नाही. आमची शाळा अशीच गेली. आधी एक वर्ग, मग दोन, मग बस एल्डरटनला जायला लागली.

गेल्या ऑगस्टमध्ये बाबांच्या हृदयात जाळी बसवली. त्यात शेवटच्या दोन मिरवणुका चुकल्या. यंदाची पहिली होती एल्डरटनची, जुलैच्या दुसऱ्या शनिवारी. ती चुकली की तीन झाल्या.

डॉक्टरांनी बाबांना बजावलं होतं, त्या उकाड्याच्या पेटीत बसायचं नाही. मग चालवणार कोण? पाद्रीसाहेब सहा फूट पाच इंच, आत मावत नाहीत. रथाशेजारून चालणाऱ्या लावॉनचे गुडघे वाकत नाहीत. माझा नवरा नील पवनचक्क्यांवर काम करतो, तो पंधरा दिवस डकोटात होता. मी पाच फूट दोन इंच आहे. तेवढ्यावर माझी निवड झाली.

मी कशी आहे ते सांगते. मी द्राक्षाचे उभे चार तुकडे करते आणि मग ते लिवला देते. लिव तीन वर्षांची आहे. गाडीतल्या तिच्या सीटचा पट्टा मी तीनदा ओढून बघते. गर्दीत जायचं असेल तर तिच्या दंडावर पेनानं माझा फोन नंबर लिहिते, आणि घामानं पुसला जाईल म्हणून दुसऱ्या दंडावरही लिहिते. अशा बाईला तुम्ही अशा गाडीत बसवता की जिच्यातून समोरचं फक्त चार हात डांबर दिसतं, आणि दोन्ही बाजूंना पोरंच पोरं.

जुन्या गाडीचा वरचा भाग कापून टाकलाय, त्याच्यावर फायबरचा आठ फुटी नवलकोल बसवलाय, फिकट हिरवा, वर पत्र्याची पानं. खाली चारी बाजूंनी लाकडी फळ्या. चालवणारा जवळजवळ जमिनीवर बसतो. बाहेरून तो कुणाला दिसत नाही. शेजारून लावॉन चालते. गावातलं उपाहारगृह तिनं तीस वर्षं चालवलं, आता अडुसष्टची आहे. फळीवर एकदा ठोकलं की थांब, दोनदा ठोकलं की चल. एवढीच भाषा.

चर्चच्या पार्किंगमध्ये सराव केला.

"लोकांकडे बघू नकोस," बाबा जाळीशी वाकून म्हणाले. "रस्त्याकडे बघ."

"लोक दिसतच नाहीत बाबा. बूट दिसतात."

"बूट पुरेत."

"आणि एखादं पोर चाकाखाली आलं तर?"

"लावॉन आहे ना."

"त्यांचं लक्ष चुकलं तर?"

"एकतीस वर्षांत चुकलेलं नाही."

"म्हणजे आता चुकायला झालंय," लावॉन म्हणाली. "घाबरू दे रे तिला वर्लिन. घाबरट माणूस हळू चालवतो. तू तर बदकवाल्यांच्या गावात घोडदौड केली होतीस."

"उतार होता तिथं," बाबा म्हणाले.

बाबा फार बोलत नाहीत. सैन्यात असताना दोन वर्षं जर्मनीत होते. परत आल्यावर आजीनं विचारलं, कसं होतं? "वाईट नव्हतं." आत्याकडे ॲरिझोनाला एकदा गेले, दहा दिवसांचं तिकीट होतं, सहाव्या दिवशी दारात उभे. आत्याशी भांडण झालं का, तर नाही. "सकाळी उठून कुणाला हात करावा असं कुणी नव्हतं." ओस्टबीत समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचं असतं. ॲरिझोनात त्यांनी सहा दिवस बोट उचललं आणि एकानंही उचललं नाही. तो मुलूख त्यांच्या मनातून कायमचा उतरला.

शनिवारी सकाळी आम्ही रथ ट्रेलरवर चढवून एल्डरटनला नेला. शाळेच्या मैदानावर सगळ्यांच्या रांगा लागत होत्या. बटाटेवाले आले होते, बदकवाले आले होते, त्यांच्या मुकुटवाल्या मुली रथावर चढून हात हलवायचा सराव करत होत्या. आमच्याकडे यंदा मुकुट घालायला कुणी नव्हतं. त्या वयाची एकच मुलगी गावात आहे आणि ती फुटबॉलच्या शिबिराला गेली होती. कागदांची चळत घेतलेली एक पोरगी आमच्याकडे आली.

"ओस्टबी? तुम्ही चौसष्ट."

"एकूण किती?" लावॉननं विचारलं.

"चौसष्ट."

"आणि त्रेसष्ट कोण?"

"घोडे," ती पोरगी म्हणाली. मग जरा ओशाळून, "बावीस आहेत. तुमच्यामागं झाडूचं मशीन येईल."

घोडे नेहमी शेवटी ठेवतात, ते का हे सांगायची गरज नाही. घोड्यांच्या मागे कुठल्या गावाचा रथ मी जन्मात पाहिला नव्हता.

"बाबा," मी विचारलं, "फॉर्म कोणी भरला होता?"

"मी."

"जागेसाठी रकाना असतो ना? त्यात काय लिहिलंत?"

बाबा ट्रेलरची साखळी गुंडाळत होते. ती त्यांनी फार नीट गुंडाळली.

"कुठेही चालेल, असं लिहिलं."

आता हे इथल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. आमच्याकडे कुणी कॉफी विचारली तर पहिल्यांदा नको म्हणायचं असतं. दुसऱ्यांदा विचारलं तर "उगाच त्रास कशाला" म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं की "असलीच तर अर्धा कप". मग दोन कप प्यायचे. घरोघरी हेच चालतं, आणि विचारणाराही तीनदा विचारतो. बाबांनी फॉर्मला पहिलं उत्तर दिलं होतं. मंडळी पुन्हा विचारतील, मग पुन्हा विचारतील, आणि तेव्हा सांगू की पहिल्या विसात मिळाली तर बरं, असा त्यांचा सरळ हिशेब. फॉर्म दुसऱ्यांदा विचारत नाही हे बाहत्तराव्या वर्षी त्यांच्या लक्षात आलं, ते या मैदानात.

"ठीकच आहे," ते म्हणाले. "घोड्यांमागून सावकाश जाता येतं."

"घोड्यांमागून आणखी बरंच काही येतं वर्लिन," लावॉन म्हणाली.

बाबा आणि लिव पुढे मंचाकडे गेले. मंचासमोर हार्डवेअरच्या दुकानाला लागून मेपलचं झाड आहे, त्याच्या सावलीत आम्ही आदल्या दिवशीच दोन खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या. आमच्याकडे मांडलेली खुर्ची कुणी हलवत नाही. मी बाबांना सूचना दिल्या. दर दहा मिनिटांनी पाणी, तिलाही आणि तुम्हालाही. तिचा हात सोडायचा नाही. छातीत जरा काही वाटलं तर—

"तर ओरडतो, नवलकोल थांबवा."

"बाबा, चेष्टा नकोय."

"चेष्टा नाही केली," ते म्हणाले आणि लिवला घेऊन निघाले. दोघांच्या पाठी दिसेनाशा होईपर्यंत मी बाहेर उभी होते. मग आत शिरले.

आत बॅटरीवरचा एक पंखा आहे, तो गरम हवा एका गालावरून दुसऱ्या गालावर नेतो. फायबर तापल्याचा वास, पेट्रोलचा वास, आणि लवकरच घोड्यांचा. लावॉननं दोनदा ठोकलं आणि आम्ही निघालो. ताशी तीन मैल. चालणाऱ्या म्हातारीचा वेग.

"उजवीकडे घे," लावॉन वाकून सांगत होती. "आणखी. अगं आणखी, पोटभर जेवून आलेत हे."

मला बूट दिसत होते. छोटे बूट, सँडल, एका बाळाचे उघडे पाय. इतर गावं गोळ्या-चॉकलेटं फेकतात आणि पोरं त्यामागे रस्त्यात धावतात. आमचं ओस्टबी फेकत नाही. लावॉन मीठ लावलेल्या नवलकोलाच्या फोडी पुड्यांतून वाटते. पोरं त्या घेतात, बघतात आणि आईच्या हातात देतात. म्हणून आमच्या रथाखाली कधी कुणी आलेलं नाही.

दुसऱ्या चौकानंतर मला एक गोष्ट दिसायला लागली. खुर्च्यांचे पाय कमी होत होते. जिथं चार पाय हवेत तिथं गवतावर चार खळगे. घडी केलेल्या खुर्च्या काखेत मारून चाललेले बूट. त्या बुटांची टोकं आमच्याकडे नव्हती, टाचा होत्या. घोडे गेले की मिरवणूक संपली, असंच सगळ्यांना वाटतं. त्यांचीही चूक नाही. आजवर तसंच होतं.

"लावॉन, लोक निघाले का?"

"चालव तू."

"किती राहिलेत?"

"पुष्कळ आहेत," ती म्हणाली. ती खोटं बोलली की जास्त मोठ्यानं बोलते.

पाचव्या चौकात एक ठोका पडला. मी थांबले. जाळीत पांढरे बूट आले, त्यांच्यावर एक डागसुद्धा नव्हता. त्या बुटांतल्या माणसाचं नाव क्रेग, अंगात पिवळं जाकीट, मिरवणुकीचा व्यवस्थापक. हे मला नंतर कळलं.

"काय मंडळी! कसं काय? उकडतंय ना?" तो म्हणाला.

"वाईट नाही," लावॉन म्हणाली.

"रथ मस्तच आहे. कोबी आहे का?"

"नवलकोल."

"वा, वेगळंच! बरं, एक छोटीशी गोष्ट होती. म्हणजे जमत असेल तर. इथून आपण जरा डावीकडे वळायचं का? रस्ता बारापर्यंतच बंद ठेवायची परवानगी आहे, आणि घोड्यांनी आज पाऊण तास खाल्ला. बारा वाजत आले. पुढं स्वयंसेवकसुद्धा निघालेत."

"आणि मंच?"

"मंच पुढं आहे, दोन चौक. तेवढं यंदा राहू द्या. पुढच्या वर्षी तुम्हाला एकदम छान जागा देऊ, मी स्वतः बघतो."

"पुढच्या वर्षी आम्ही यादीत नसू," मी म्हणाले.

पांढरे बूट जागच्या जागी थबकले. तो आवाज शोधत खाली वाकला.

"आत कोण आहे?"

"ओस्टबी," मी म्हणाले.

खरं सांगते, हे मी ठरवून बोलले नाही. माझ्या तोंडून गेलं. पण एकदा गेल्यावर मला असं वाटलं की आता माघार घेतली तर पुन्हा एल्डरटनजवळची होईन.

"यादीचं मला काही माहीत नाही हो," क्रेग म्हणाला. "ते मंडळ वेगळं. मी फक्त रस्ता बघतो. तेव्हा प्लीज, डावीकडे."

मी ब्रेकवरचा पाय अलगद उचलला. नवलकोल सरळ निघाला. पांढरे बूट उलटे चालायला लागले.

"मॅडम? मॅडम, डावीकडे. डावी बाजू इकडे आहे."

"तिला डावी बाजू दिसत नाही," लावॉन त्याला म्हणाली. "जाळी समोरच आहे ना."

"मग तुम्ही सांगा ना तिला!"

"सांगते की. पण कमी ऐकू येतं आत."

दोन चौक तो असाच उलटा चालला, हात जोडावे तसे पुढे धरून (हे लावॉननं नंतर सांगितलं), आणि घोड्यांचा प्रसाद चुकवत. एकदा त्याला चुकवता आला नाही. तो काहीच बोलला नाही. आमच्याकडची माणसं चांगली असतात हो, तेच तर अवघड होऊन बसतं. भांडायला समोर कुणी नीट उभंच राहत नाही.

मंचाची लाकडी पायरी जाळीत दिसली आणि मी थांबले. गाडी बंद केली. किल्ली काढली आणि मांडीखाली ठेवली.

वरून वायर गुंडाळल्याचा आवाज येत होता. नावं पुकारणारा माणूस रेडिओवर शेतीचे भाव सांगतो, त्याचा आवाज सगळा तालुका ओळखतो. "अरेच्चा," तो म्हणाला, "अजून एक होता होय? मला कागद त्रेसष्टपर्यंतच दिलाय."

"आता चौसष्ट करा," लावॉन म्हणाली.

"माइक बंद केला ना मी."

"करा चालू. आम्हाला घाई नाही."

"तुमचं नाव पुकारायला माझी ना नाही," तो म्हणाला, "पण क्रेगनं संपवायला सांगितलं, आणि रस्ता तर क्रेगच्या ताब्यात."

"आणि नाव पुकारल्याशिवाय मला खूण करता येत नाही," एका बाईंचा आवाज आला. या चिटणीस बाई. "मला मनापासून वाईट वाटतं. पण सगळ्यांना एकच नियम."

"नियम बरोबरच आहे," मी आतून म्हणाले. "म्हणून तर थांबलोय."

मागून झाडूच्या मशीननं भोंगा वाजवला, अगदी तोकडा. आमच्याकडे भोंगा म्हणजे शिवी. लगेच दार उघडल्याचा आवाज आला आणि मशीनवाला धावत पुढे आला. "माफ करा हं, कोपर लागलं चुकून. तुमचं चालू द्या." आणि परत गेला.

क्रेग माझ्या जाळीशी बसला. आता मला त्याचा चेहरा दिसला, लालबुंद, घामेजलेला, माझ्याच वयाचा. "मॅडम, पोलीस पंधरा मिनिटांत रस्ता उघडतील. गाड्या सुटतील. तुम्ही मध्येच असाल. मला कुणाला काही व्हायला नकोय."

हा मुद्दा मला पोचला. असल्या मुद्द्यांवरच मी जगते. माझ्या डोळ्यांपुढे ट्रक आला, आणि त्या ट्रकच्या आणि मेपलच्या मध्ये लिव. माझा हात किल्लीवर गेला. मग मी मनात हिशेब केला, नेहमी करते तसा. पंधरा मिनिटं आहेत. नाव पुकारायला पाच सेकंद लागतात.

"मग पटकन पुकारा ना," मी म्हणाले.

तेवढ्यात शेजारी तपकिरी बूट आले. बाबांचे. आणि त्यांच्याजवळ छोटे पिवळे बूट, अगदी चिकटून. हात धरलेला होता. मी श्वास सोडला.

"आई," लिवनं जाळीला नाक लावलं, "तू आत काय करतेस?"

"थांबलेय गं."

"मार्ना," बाबा वाकले. "चल आता. लोकांचा खोळंबा होतोय. चूक माझीच आहे, मीच लिहिलं तसं. चल, निघू या."

मला क्रेगचा राग आला नव्हता, पुकारणाऱ्याचाही नाही. बाबांचा आला. एकतीस वर्षं हा माणूस आतमध्ये भाजून निघाला. लोकांनी नवलकोलाला टाळ्या वाजवल्या, त्याला कुणी पाहिलंसुद्धा नाही, आणि तो म्हणतो खोळंबा होतोय.

"बाबा, तुम्हाला इथून जायचंय?"

"जाऊ या. काही होत नाही त्यानं."

"दुसऱ्यांदा विचारते. तुम्हाला नाव न पुकारता जायचंय?"

तपकिरी बूट हलले नाहीत. "उगाच सगळ्यांना त्रास कशाला," ते म्हणाले.

"तिसऱ्यांदा विचारते बाबा."

तिसऱ्यांदा म्हणजे काय ते क्रेगलाही माहीत होतं, तोही इथलाच. गुंडाळायची वायर थांबली.

"नाही," बाबा म्हणाले. "मला जायचं नाही."

त्यांनी लिवचा हात लावॉनच्या हातात दिला. "घट्ट धर," म्हणाले. मग तपकिरी बूट पायऱ्या चढून माझ्या जाळीच्या वर गेले, आणि पुढचं सगळं मी फक्त ऐकलं.

"तो माइक चालू करा," ते म्हणाले. कुणाशीही ते असं बोलल्याचं मी ऐकलं नव्हतं. खटका पडला, शिट्टीसारखा आवाज झाला. पुकारणारा विचारत होता, काय नाव सांगू?

"राहू द्या. मीच सांगतो."

मग माझ्या वडिलांचा श्वास पूर्ण मुख्य रस्त्यावर ऐकू आला. मी मनात म्हटलं, हळू, बाबा, छाती.

"मी वर्लिन. तुम्ही मला ओळखत नाही. मी त्याच्या आत असतो. एकतीस वर्षं इथून जातोय. तुमच्या टपाल कचेरीसमोर रस्ता उजव्या अंगाला खचलाय. एकोणीस वर्षं झाली. कुणी विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही. तो दुरुस्त करा. आज आत माझी मुलगी आहे आणि तिला तिथं धक्का बसला असणार."

बसला होता. माझी जीभ चावली गेली होती.

"हे ओस्टबी आहे," बाबा म्हणाले. "लोकसंख्या तीनशे शहाऐंशी. नवलकोलाची जागतिक राजधानी. घोड्यांच्या मागे ठेवलंत, आम्ही घोड्यांच्या मागून आलो. पण आलो. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी आमचा दिवस आहे. तुम्ही या. घोडे घेऊन या. तुम्हाला पहिली जागा देतो, मग तुम्ही फॉर्मवर काहीही लिहा."

खटका पुन्हा पडला. टाळ्या झाल्या. किती, ते मला सांगता येणार नाही. वीस जणांच्या असतील, दोनशे जणांच्या नक्की नव्हत्या. एक शिट्टी वाजली, ती मागून, झाडूच्या मशीनवरून.

फळीवर दोन ठोके पडले. मी गाडी चालू केली नाही.

"अगं चल," लावॉन म्हणाली. "झालं."

"खूण केली का विचारा."

"ऐकलं त्यांनी सगळं."

"ऐकलं असेल. यादीत खूण केली का?"

लावॉन पायऱ्यांपर्यंत गेली, लिवला घेऊन. मला दोघींचे पाय दिसत होते. काहीतरी बोलणं झालं. ती परत आली.

"केली."

"तुम्ही स्वतः पाहिली?"

"पाहिली."

"पेन्सिलनं की पेनानं?"

"मार्ना!"

"विचारतेय."

"पेनानं," लावॉन म्हणाली. "निळ्या. ओस्टबीच्या समोर. वरच्या ओळीत नाही आणि खालच्याही नाही. लिवनंसुद्धा पाहिली. हो ना गं?"

"निळी," लिव म्हणाली.

मी मांडीखालून किल्ली काढली.